चार डाव आणि संध्याकाळचं भांडण

व्हर्ना पेंगिलीला बिंडारी गावात कोणी चांगली बाई म्हणत नसे, आणि तिलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. तोंडाची फाटकी, नाकावर राग, आणि एकदा मनात अढी बसली की जन्मात सुटायची नाही. नवरा सोडून गेला तेव्हा शेजारणी धीर द्यायला आल्या, तर ही दारात उभी राहून म्हणाली, "तो गेला ते बरं झालं. आता तुम्हीही जा." धाकटी बहीण एडी तेवढी टिकली, ती मायेपोटी नव्हे. घर दोघींच्या नावावर होतं आणि एडीला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

नवरा मेंढ्या भादरायचा. त्याच्याबरोबर व्हर्नाही शेडाशेडांतून हिंडली होती, पुरुषांच्या पायांखालची लोकर उचलून टेबलावर पसरायच्या कामावर. नवरा गेल्यावर तिने ठरवलं, तो करायचा ते काम आपणच करायचं. तेव्हा तिने तिशी ओलांडली होती आणि त्या मुलखात भादरणारी बाई म्हणजे दोन डोक्यांचं वासरू. मुकादम हसले. शिकवायला तयार झाला तो एकटा अल्फ टूही. अल्फ म्हातारा, पाठीतून वाकलेला, शेडातून कधीच निवृत्त झालेला.

"तुला माझी दया आली का रे अल्फ?" तिने विचारलं.

"छट्. तुझा नवरा मला आवडत नव्हता," अल्फ म्हणाला.

त्याने तिला हात शिकवला: मेंढी गुडघ्यांत कशी धरायची, डाव्या हाताने कातडं कसं ताणायचं, उजव्या हातातलं यंत्र पोटावरून, मानेवरून, पाठीवरून कसं लांब सोडायचं. आणि आणखी एक गोष्ट त्याने शिकवली, ती मात्र तिच्या एका कानातून आत गेली आणि दुसऱ्यातून बाहेर पडली. शेडातला दिवस म्हणजे दोन-दोन तासांचे चार डाव. मध्ये दोन चहाच्या सुट्ट्या आणि एक जेवणाची. घंटा झाली की यंत्रं सुरू, घंटा झाली की बंद.

"दिवस अख्खा गिळायला जाशील तर घशात अडकेल," अल्फ म्हणायचा. "चार घास कर. आणि डाव वाईट गेला तर तो घंटेबरोबर मेला. मेलेलं मढं पुढच्या डावात ओढत न्यायचं नाही. वास सुटतो."

व्हर्ना म्हणायची, "बरं, बरं. आता मान कशी धरायची ते दाखव."

यानाबीच्या शेडात तिला पहिल्यांदा जागा मिळाली. ती पायऱ्या चढून भादरायच्या फळ्यांवर आली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "तळ्यात बदकं आली रे!" शेडाकडे बाई येताना दिसली की पुरुषांनी एकमेकांना द्यायचा हा जुना इशारा. म्हणजे, शिव्या आवरा, चड्ड्या सावरा. एरवी बाई चहाची किटली ठेवून परत जायची. ही गेली नाही. मुकादम क्लॅरी डॉस्वेलने तिला सगळ्यांत टोकाची जागा दिली. दुपारनंतर तिथला पत्रा नुसता रसरसायचा. शेजारी होता नेव्ह हॅलेट.

नेव्ह त्या शेडातला सगळ्यांत वेगवान माणूस. उंच, लालबुंद, हातापेक्षा जिभेला धार जास्त. दोघांत मिळून मेंढ्या कोंडायचं एक वाडगं होतं, ज्याने त्याने आपली मेंढी आतून ओढून आणायची. नेव्ह नेमकं हेरून मऊ, गुळगुळीत पोटाच्या मेंढ्या न्यायचा. व्हर्नासाठी उरायच्या त्या म्हाताऱ्या, मानेला सुरकुत्यांच्या घड्या पडलेल्या, लोकरीत वाळू भरलेल्या. अशा मेंढीवर यंत्राची धार दोन मिनिटांत जाते. व्हर्ना चडफडायची, तिथल्या तिथे शिव्या घालायची. नेव्हला तेच हवं असायचं. ती बोलायला थांबली की तेवढ्यात त्याची आणखी एक मेंढी व्हायची.

एका दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीत बसले होते. नेव्हने मटणाचा तुकडा चघळत मोठ्याने विचारलं, "काय गं, तुझा नवरा पळाला तो कसा? त्यालाही तूच भादरलं होतंस म्हणे. जागोजागी कापून ठेवलास बिचाऱ्याला."

सगळे फिदीफिदी हसले. क्लॅरीही हसला. व्हर्नाचं ताट तसंच राहिलं. अंगाचा तिळपापड झाला होता. तशा रागातच तिने यंत्राला नवी फणी आणि नवं पातं बसवलं, आणि मनात नेव्हला द्यायची उत्तरं जुळवत बसली. घंटा झाली. तिसरा डाव सुरू झाला. वाडग्यातून मेंढी ओढली, पोट झालं, पाय झाला, आणि पातं फणीत अडकलं. सगळ्यांची यंत्रं चालवणारा वरचा फिरता दांडा काही थांबत नाही. यंत्र तिच्या हातातून सुटलं आणि चाबकासारखं गरगरत तिच्या डाव्या मनगटावर आदळलं, एकदा नव्हे, दोनदा.

यंत्र तोडायची दोरी ओढून ते थांबवलं नेव्हनेच. आपली अर्धी झालेली मेंढी सोडून तो एका ढांगेत आला. आणखी एक फेरा बसता तर पंजा गेला असता. व्हर्ना फळ्यांवर बसली होती, पांढऱ्या लोकरीवर रक्ताचं थारोळं. नेव्हने यंत्राकडे पाहिलं, पातं आवळायचा स्क्रू बोटाने हलवून पाहिला.

"सैल आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "साधा स्क्रू आवळता येत नाही यांना, आणि निघाल्या भादरायला."

हाताला टॉवेल गुंडाळून तिला ट्रकमध्ये घातलं. खडबडीत वाटेवर सगळा वेळ तिला मनगटापेक्षा ते वाक्यच ठणकत होतं. कारण ते खरं होतं.

शहरातल्या डॉक्टरांनी शिरा जोडल्या, पण डाव्या हाताची तीन बोटं काही मिटेनात. लोकांना वाटतं भादरणं हे उजव्या हाताचं काम. खरं काम डावा हात करतो. तो कातडं ताणून धरत नसेल तर उजवा हात लोकर नव्हे, मेंढीच कापतो.

व्हर्ना घरी येऊन मागच्या ओसरीवर बसली ती बसलीच. उठायची वेळ नाही, जेवायची वेळ नाही. दुपारी बारा वाजता बिअरची बाटली आणि तोंडात नेव्ह. एडी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळून यायची, ती आल्या आल्या दोघींची जुंपायची.

"उठलीस का आज तरी?"

"उठून काय करू? तुझ्या आरत्या ओवाळू?"

"आंघोळ कर. कुंपणाबाहेर वास येतोय."

"मग कुंपणाबाहेर जाऊ नकोस."

असे कित्येक आठवडे गेले. एक दिवस अल्फ काठी टेकत आला. ओसरीच्या पायरीवर बसला. तब्येत विचारली नाही की हात पाहिला नाही.

"स्क्रू सैल का होता?"

"राहिला माझ्याकडून."

"का राहिला?"

"तो नेव्ह. त्या दिवशी जेवताना काय बोलला माहीत आहे तुला?"

"जेवताना बोलला ना?" अल्फ म्हणाला. "मग तू तिसऱ्या डावात काय ऐकत होतीस?"

व्हर्नाने बाटली फेकली, त्याच्या अंगावर नव्हे, पण जवळून गेली. अल्फ उठला आणि काठी टेकत निघून गेला. त्या रात्री ती एडीशीही भांडली नाही, त्यामुळे एडीला वाटलं हिला ताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंड बडवल्याच्या आवाजाने एडी दचकून उठली. व्हर्नाने नांगराचा गंजका तवा ओसरीच्या वाशाला टांगला होता आणि हातोड्याने ठोकत होती. शेजारचा कुत्रा भुंकत सुटला.

"आग लागली का?" एडी ओरडत आली.

"घंटा झाली," व्हर्ना म्हणाली. "पहिला डाव."

पहिल्या डावात ती हात कढत पाण्यात बुडवायची आणि मग तेलकट लोकरीचा गोळा मुठीत दाबायची. बोटं मिटायची नाहीत, ती नेव्हच्या आईबापाचा उद्धार करत दाबत राहायची. दुसऱ्या डावात गव्हाचं पोतं पाठीने वाकून मागे मागे ओढत कोरड्या नाल्यापर्यंत जायचं, कारण पाठ एकदा काम विसरली की परत आठवत नाही. तिसऱ्यात अल्फकडून मागून आणलेले दोन म्हातारे मेंढे. त्यांना गुडघ्यांत धरून, यंत्र बंद ठेवून, त्या निकामी डाव्या हाताने कातडं ताणायचं. बोटं वळत नाहीत तर तळहाताची कड वापरायची, कोपर वापरायचं. मेंढे लाथा मारायचे. चौथ्या डावात फण्यांना धार लावायची आणि घरातली कामं, कारण एडीने सांगून टाकलं होतं, "घंटा वाजवायची तर भांडीही घासायची."

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका सकाळी आदल्या दिवशी अर्धं मिटलेलं बोट पुन्हा काठीसारखं ताठ झालं. तिने गरम पाण्याची बादली अंगणात भिरकावली आणि मातीतच बसून राहिली. पूर्वीची व्हर्ना असती तर तो दिवस, कदाचित आठवडा, तिथेच संपला असता. ती बसली, पण बसली फक्त पहिला डाव संपेपर्यंत. मग उठली, तव्यावर हातोडा मारला, चहा प्यायली आणि पोत्याला हात घातला.

राग मात्र घंटेला जुमानत नव्हता. तो कधीही यायचा. पोतं ओढताना नेव्ह, भांडी घासताना नेव्ह. शेवटी एडीचा संयम सुटला.

"दिवसभर तुझी त्या मेल्या नेव्हची भुणभुण! माझे कान किटले. चहाला वेळ ठरवलीस, भांड्यांना ठरवलीस, त्यालाही एक वेळ ठरव आणि तेव्हाच काय ते ओक!"

एडी चिडून बोलली होती. व्हर्नाने ते जसंच्या तसं घेतलं. चौथी घंटा झाली की ती कुंपणाशी उभी राहायची आणि यानाबीच्या दिशेला तोंड करून नेव्ह हॅलेटचा समाचार घ्यायची, त्याच्या वेगाचा, त्याच्या लाल तोंडाचा, त्याच्या सात पिढ्यांचा. एडी वाटाणे सोलत बसलेली असायची. "काल बरं होतं," ती मध्येच म्हणायची. "आज नुसतं तेच तेच." दिवसा राग आला की व्हर्ना स्वतःलाच म्हणायची, संध्याकाळी. आणि आश्चर्य म्हणजे तो थांबायचा. विझायचा मात्र नाही.

पुढच्या हंगामात ती क्लॅरी डॉस्वेलकडे गेली. तीन बोटं अजून अर्धीच मिटत होती.

"शेड म्हणजे काही दवाखाना नाही व्हर्ना," क्लॅरी म्हणाला. "घरी बस. स्वेटर विण."

"माझ्या हातच्या स्वेटराने तुझा गळा आवळला जाईल क्लॅरी."

पण त्याच आठवड्यात त्याचा एक माणूस दारू पिऊन मारामारी करून कोठडीत गेला. आभाळ भरून यायला लागलं होतं, ओली मेंढी भादरता येत नाही, आणि मालक क्लॅरीच्या मानगुटीवर बसला होता. क्लॅरीने निरोप धाडला, तोही एडीमार्फत, आणि तोही असा: "तिला म्हणावं, दुसरं कोणी नाही म्हणून."

जागा तीच, टोकाची. वाडगं तेच. नेव्हही तोच.

"अरे वा! साडेआठ बोटांची राणी आली!" तो ओरडला. "स्क्रू आणलास का गं घरून आवळून?"

पहिला डाव वाईट गेला. फार वाईट. डावा हात घसरला, दोन मेंढ्यांना काप बसले. तिसरी तर अर्धी लोकर अंगावर, अर्धी मागे फरफटत गुडघ्यांतून निसटली आणि शेडभर धावली. माणसं यंत्रं थांबवून पोट धरून हसली. घंटा झाल्यावर क्लॅरी तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

"जेवणापर्यंत बघतो. मग आपलं सामान उचलायचं."

व्हर्नाने यंत्राचा स्क्रू पाहिला, पुन्हा पाहिला. मग ती फळ्यांवर उताणी पडली, चहा प्यायली, मटणाचं सँडविच पूर्ण संपवलं.

नेव्ह तिच्यावर वाकून म्हणाला, "काय राणीसाहेब, जीभपण कापली गेली का त्या वेळी?"

"संध्याकाळी," व्हर्ना म्हणाली.

"काय संध्याकाळी?"

"उत्तर. आत्ता माझी सुट्टी आहे."

नेव्ह हसला, पण बाकीच्यांकडे बघत हसला. दुसऱ्या डावात व्हर्ना तळहाताच्या कडेने कातडं ताणत गेली. वेग नव्हता, पण काप नव्हता. नेव्हने वाडग्यात सुरकुतलेल्या मेंढ्या ठेवल्या, तिने त्या ओढल्या. तो दोनदा काहीतरी ओरडला. तिचं उत्तर तेच, एकच शब्द. जेवणाच्या वेळी क्लॅरी तिच्याजवळून गेला आणि काहीच बोलला नाही. क्लॅरीने काही न बोलणं म्हणजे नेमणूकच.

भांडायला माणूस मिळेना तेव्हा नेव्हचंच बिनसलं. तिसऱ्या डावात तो व्हर्नाकडे बघत भादरत होता आणि त्याने एका धष्टपुष्ट मेंढीच्या कुशीत हातभर काप मारला. मालक नेमका तिथेच उभा होता. त्याने नेव्हला सगळ्यांदेखत झापलं. नेव्ह तो राग घेऊन पुढच्या मेंढीवर गेला, तिच्यावरून पुढच्या, आणि चौथ्या डावाच्या शेवटी त्याच्या मागच्या, भादरलेल्या मेंढ्यांच्या कप्प्यात नेहमीपेक्षा बऱ्याच कमी मेंढ्या होत्या.

शेवटची घंटा झाली. व्हर्नाने हातपाय धुतले, सदरा बदलला, आणि पुरुषांच्या खोल्यांसमोरच्या ओसरीशी जाऊन उभी राहिली. नेव्ह बूट काढत बसला होता.

"हां, आता बोल," ती म्हणाली. "दिवसभराचं माझ्याकडे साठलंय."

"जा गं बाई, दमलोय."

"मीही दमले. ऐक. स्क्रू मी सैल ठेवला होता. चूक माझी. दोरी तू ओढलीस, म्हणून हात राहिला. त्याचे आभार मी मानायला निघाले होते, पण तेवढ्यात तू तोंड उघडलंस. माणूस मरायला टेकलाय आणि तुला सभा घ्यायची! तुझ्या आईने तुझ्याऐवजी एखादा मेंढा पाळला असता तर निदान लोकर तरी मिळाली असती."

"आईवर जाऊ नकोस!"

"आईबद्दल मला वाईटच वाटतंय. आणि सोप्या मेंढ्या चोरून शेडात पहिला येणारा तू! लहान पोरांच्या शर्यतीत पळून बक्षीस घेणारा गडी! आता आंधळ्यांबरोबर पत्ते खेळ, तिथेही जिंकशील."

ओसरीवर कोणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. नेव्ह उठला, त्याने तिला नाही नाही ते ऐकवलं, तिच्या हातावरून, नवऱ्यावरून, वयावरून. तिनेही कसूर केली नाही. शेवटी स्वयंपाकी झारा आपटत बाहेर आला. "जेवण गार होतंय, एकमेकांना मारायचं तर जेवून मारा!" व्हर्ना वाक्य अर्ध्यावर सोडून जेवायला गेली. भरपूर जेवली आणि गाढ झोपली. नेव्ह मात्र मध्यरात्रीपर्यंत तिला द्यायची उत्तरं पुटपुटत होता, असं त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सकाळी सगळ्यांना सांगितलं.

हे असं हंगामभर चाललं, आणि त्यापुढच्या हंगामांतही. दिवसा "संध्याकाळी", आणि संध्याकाळी तोंडाचा पट्टा. माणसं चहाचे पेले घेऊन ऐकायला बसू लागली. त्यात कुठेही थट्टेची माया नव्हती. नेव्हला ती मनापासून नको होती, आणि तिला नेव्ह. एकदा त्याने वाडग्याचं दार आतून अडवून धरलं. तिने दुसऱ्या बाजूने कुंपणावरून उडी मारून मेंढी काढली आणि चौथी घंटा होईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. त्या संध्याकाळी मात्र तिने जे काही सुनावलं, ते बिंडारीच्या दारूच्या गुत्त्यात अजून सांगतात, बायका नसताना.

व्हर्ना कधी शेडात पहिली आली नाही. दुसरी-तिसरीही नाही. पण तिच्या मेंढ्या स्वच्छ निघायच्या आणि तिची जागा पुन्हा कोणी काढून घेतली नाही. क्लॅरीला ती शेवटपर्यंत आवडली नाही. तो तिला दर हंगामाला बोलवायचा आणि दर हंगामाला म्हणायचा, दुसरं कोणी नाही म्हणून. पुढे दोन मुली तिच्याकडे शिकायला आल्या. त्यातली एक पहिल्याच दिवशी रडली. व्हर्ना म्हणाली, "रडायचं तर सुट्टीत रड. आत्ता मेंढी धर." ती मुलगी गेली. दुसरी राहिली.

नेव्हची पाठ गेली ती एकाएकी. वाकलेला तो सरळ झालाच नाही. दोघांनी त्याला उचलून ट्रकमध्ये घातलं. व्हर्नाने यंत्र थांबवलं नाही. नंतर तो बिंडारीतच राहिला, गुत्त्याबाहेरच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या वेगाच्या गोष्टी सांगत. दिवस उजाडला कधी आणि मावळला कधी, त्याला पत्ता नसे. ती रस्त्याच्या पलीकडून जायची.

तो वारला तेव्हा यानाबीला भादरणी चालू होती. क्लॅरीने अर्धा दिवस शेड बंद ठेवायचं म्हटलं, पण मालक नको म्हणाला, आभाळ भरलेलं होतं. म्हणून ज्याला दफनाला जायचं त्याने जावं असं ठरलं. निम्मी माणसं गेली.

"तू नाही येत?" क्लॅरीने विचारलं.

"त्याला जिवंतपणी जे सांगायचं ते सांगून झालंय," व्हर्ना म्हणाली आणि वाडग्याचं दार उघडलं.

एडी गेली. तिला तिथे चहाबरोबर वाटतात तो केक हवा होता. संध्याकाळी ती सांगत होती, पाद्री म्हणाले की नेव्ह अतिशय कोमल मनाचा आणि मितभाषी माणूस होता.

"पाद्री परगावचा असणार," व्हर्ना म्हणाली. "केक कसा होता?"

"कोरडा."